स्टाफ दोघांचाच

सहकाऱ्याशी प्रेम जमलं तर काय करावं, यावर सल्ला देणारे सगळे एक गोष्ट गृहीत धरतात: कचेरीत तिसरं कुणीतरी आहे. इतरांच्या देखत जास्त बोलू नका, इतरांसमोर एकत्र डबा उघडू नका, इतरांना संशय येईल असं वागू नका. आमच्याकडं 'इतर' हा प्रकारच नव्हता. उजनीच्या फुगवट्याला लागून असलेली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं खिचडीची चूल. शिक्षण हक्क कायद्यात साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक बसतात. आमचा पट त्याच्या निम्म्यावर, म्हणजे शिक्षक दोन. एक मी, एक बाई. स्टाफरूम नव्हती, त्यामुळं स्टाफरूममधली कुजबुजही नव्हती. कुजबुज करायचीच तर ती आम्हा दोघांना एकमेकांत करावी लागली असती, आणि आमच्यात काहीतरी चाललंय हा संशयही आधी आम्हालाच यायला हवा होता. तो आला, पण गावाच्या मागून.

गावाचं नाव सांगत नाही. जेऊर स्टेशनवरून चिखलठाण-कुगावच्या अंगाला जो रस्ता जातो त्या बाजूची एक वस्ती, एवढ्यावर भागवून घ्या. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला केळी, समोर पाणी आणि पाण्यापलीकडं पुणे जिल्हा. पाणी नसतं तर पलीकडच्या इंदापूर तालुक्यात चालत जाता आलं असतं. १९८० साली धरण पुरं झालं, त्याच्या आगेमागे जुनी गावं पाण्यात गेली आणि माणसं वर सरकली. जुन्या माणसांना विचारलं की ती लाटांकडं बोट करून सांगतात, तिथं आमची तालीम होती, तिथं चावडी होती. पाण्याखाली काय आहे हे ज्यांना पाठ आहे, अशा लोकांच्यात आम्ही काहीतरी झाकून ठेवायला निघालो होतो.

बाई माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ. त्यामुळं शाळेचा चार्ज त्यांच्याकडं, आणि मी उपशिक्षक. दोघांच्या शाळेतही एक साहेब आणि एक हाताखालचा असतोच, ही सरकारी शिस्त. मस्टर त्यांच्या टेबलात, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, टपाल घेऊन तालुक्याला जायचं काम माझ्याकडं. रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "टाचण रोजच्या रोज लागेल." यातून पुढं काही निघेल असं तेव्हा कुणीच म्हणालं नसतं.

निघालं ते शासनाच्या लेखी आदेशानं. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. घरोघर जायचं, पोरं मोजायची आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा मोजू नये. एरवी बाई एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, मधे भिंत. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकत्र चाललो, तेही ड्यूटीवर, हातात याद्या घेऊन. काठाकाठानं भोयांची घरं झाली, वस्त्या झाल्या, गुऱ्हाळावरची माणसं झाली. दुपारी एका लिंबाखाली बसून बेरीज केली, तर एक पोरगं जास्त येत होतं. दोनदा मोजलं तरी जास्तच. बाईंनी शाईची बाटली उघडली, माझ्या बोटाला ठिपका लावला आणि म्हणाल्या, "आता जुळलं. तुमचीच नोंद राहिली होती." त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्या विनोद करतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती शाई बरेच दिवस गेली नाही, आणि मी ती घालवण्याचा फारसा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतर आम्ही नियम केले. म्हणजे बाईंनी केले, मी सही केली. शाळेच्या फाटकाच्या आत 'सर' आणि 'मॅडम'. साडेदहा ते पाच या वेळात शाळेचंच बोलायचं. मधली सुट्टीसुद्धा शाळेचीच धरायची.

उजनीचा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला आमची तेव्हाची स्थिती लगेच कळेल. धरणात एकूण पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं साडेत्रेसष्टच्या आसपास पाणी मृतसाठा, उरलेलं साडेत्रेपन्न उपयुक्त. टक्केवारी काढतात ती नुसत्या उपयुक्त साठ्याची. म्हणून निम्म्याहून जास्त पाणी आत असतानाही पेपरात मथळा येतो, उजनी शून्यावर. त्याखाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या आसपास गेलं, तेव्हाही तीसेक टीएमसी पाणी आत होतंच. आमचंही तसंच चाललं होतं. बाहेरून बघणाऱ्याला शून्य टक्के दिसावं एवढीच व्यवस्था. "सर, तांदळाचा शिल्लक साठा काढा." "मॅडम, चौथीचे पेपर तपासून झाले." भिंतीपलीकडून पाढ्यांचा आवाज यायचा, त्यावरून मला बाईंचा मूड कळायचा. पोरं ओरडून ओरडून सतराचा पाढा म्हणायला लागली की समजायचं, तालुक्याहून कुणाचा तरी फोन येऊन गेलाय. पहिलीला एकदम गाणं सुरू झालं की दिवस चांगला.

आता तपशिलाकडं. आम्ही दोघंही जेऊरला राहायचो, निरनिराळ्या गल्लीत. शाळेला जायचा रस्ता एकच. सोबत जाणं शक्य नव्हतं, म्हणून बाई स्कूटीवर पुढं आणि मी दहा मिनिटांनी मोटारसायकलवर मागं. पुढं कळलं, वाटेवरच्या वस्तीतली माणसं यावर घड्याळ लावत. स्कूटी गेली की म्हातारा चहा टाकायला सांगायचा, मोटारसायकल गेली की तो चहा गाळला जायचा. एक दिवस माझी गाडी आधी गेली, तर त्यानं हात करून थांबवलं आणि विचारलं, "बाईंना बरं न्हाय का?"

फोनमध्ये त्यांचं नाव मी 'शापोआ' म्हणून ठेवलं होतं. शालेय पोषण आहाराचं हे लघुरूप जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला स्वतःच्या नावाइतकं पाठ असतं. एकदा केंद्रावर शिक्षण परिषद चालू असताना फोन टेबलावर राहिला आणि वाजला. शेजारी केंद्रप्रमुख. त्यांनी पडद्यावरचं वाचलं आणि म्हणाले, "घ्या घ्या, तांदळाचं काम थांबता कामा नये." मी बाहेर जाऊन घेतला. परत आल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "काय, कमी पडतोय का?" मी म्हणालो, "पुरतोय साहेब, पण मागणी वाढलीय." त्यांनी ते डायरीत टिपून घेतलं.

उसाबद्दल लोकांच्या मनात फार कल्पना असतात. सिनेमावाल्यांनी त्या घातल्यात. आमच्याकडचा ऊस पुरुषभर उंच असला तरी तो एकांताच्या कामाचा नाही. त्यात कुणीतरी असतंच. लाइट रात्रीची, त्यामुळं दारं धरणारा माणूस रात्री. खुरपणाऱ्या बाया सकाळी. आणि मधल्या वेळेत ज्याच्या शेळ्या तिथं चरून गेल्या त्याला शोधणारा शेतमालक. शिवाय दिवाळीनंतर तोडणी सुरू झाली की आठवड्यात आडोसा साफ, आणि काल जिथं भिंत होती तिथून आज पलीकडच्या वस्तीवरचं वाळवण दिसतं. उसाच्या भरवशावर प्रेम करणाऱ्यानं आधी कारखान्याचा तोडणी कार्यक्रम बघावा.

तेव्हा आम्ही एका रविवारी जिल्हाच ओलांडायचं ठरवलं. जेऊरहून पॅसेंजर, भिगवणला उतरायचं, मासे खायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. बाई लेडीज डब्यात, मी मागच्या जनरलमध्ये. वाशिंबे, पारेवाडी, जिंती रोड अशी स्टेशनं गेली. प्रत्येक स्टेशनवर मी खाली उतरून पाणी प्यायल्यासारखं करून पुढच्या डब्याकडं बघायचो. भिगवणच्या हॉटेलात समोरासमोर बसलो, चिलापी तळून आली, तिखट बेताचं. पुणे जिल्ह्यात आपल्याला कोण ओळखतंय, या निर्धास्तपणात पहिला घास घेतला आणि दारातून आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आत आले. आमच्या लक्षात यायला हवं होतं की उजनीतली मासळी विकायला भिगवणच्याच बाजारात येते आणि अध्यक्षांच्या दोन होड्या आहेत. त्यांनी आमच्याकडं बघितलं. म्हणजे बघितलं असणार. मग ते वळले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारकाईनं वाचन केलं, आणि चहा न पिताच निघून गेले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, दिसलो नाही म्हणून. सोमवारी परिपाठ झाल्यावर ते शाळेत डोकावले, पोरांची चौकशी केली, आणि जाता जाता मला म्हणाले, "सर, चिलापीला काटं लई बारीक असत्यात. जपून खावं." मी ते सामान्यज्ञान समजून घेतलं.

कार्यालयीन प्रेमातली खरी अडचण चोरून भेटण्याची नसते, सहीची असते. एकाची रजा दुसऱ्याच्या सहीनं मंजूर होते, तिथं प्रेम हे खाजगी प्रकरण राहत नाही. मोठ्या कंपन्यांना हे आपल्या आधी कळलेलं दिसतं. मॅकडोनाल्ड्सच्या मुख्य अधिकाऱ्याला २०१९ च्या नोव्हेंबरात पद सोडावं लागलं, ते कंपनीतल्याच एका व्यक्तीशी संबंध ठेवल्यामुळं. संबंध दोघांच्या मर्जीचे होते, तरी कंपनीचा नियम मोडला. आपल्याकडं कामाच्या जागी बाईला त्रास होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या कचेरीत अंतर्गत समिती, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तो असायलाच हवा, कारण 'आमचं दोघांचं जमलंय' हे पुष्कळदा एकट्या साहेबालाच वाटत असतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या वर्तणूक नियमांत, जे १९६७ चे आहेत, मी रात्री बसून शोधलं. दुसऱ्या लग्नाची चिंता सरकारला होती, पहिलं कसं जमावं याबद्दल एक ओळ नव्हती.

बाईंना मात्र नियम लागत नव्हता. साहेब आपण आहोत आणि हाताखालचा माणूस हा आहे, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. पक्षपात होऊ नये म्हणून त्यांनी सरळ माझ्या विरुद्ध पक्षपात सुरू केला. वर्षाला बारा किरकोळ रजा असतात. माझा अर्ज गेला की परत यायचा, त्यावर लाल शाईनं: 'शाळा एकशिक्षकी होत असल्याने नामंजूर.' कारणही खरंच होतं. दोन शिक्षकांच्या शाळेत एक गेला की उरलेल्याला चारही वर्ग आणि खिचडी. दोघं एकाच दिवशी गेले तर शाळेला कुलूप आणि दोघांना नोटीस. याचा अर्थ असा की महाराष्ट्रातली बाकी जोडपी सिनेमाला, किल्ल्यावर, तुळजापूरला जात होती तेव्हा आम्हाला एकत्र रजा ही गोष्टच उपलब्ध नव्हती. माझा वाढदिवस आला, त्या दिवशी त्यांनी माझं टाचण तपासलं आणि शेवटी शेरा लिहिला, 'शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.' खाली सही, शिक्का, तारीख. ती वही मी अजून ठेवली आहे.

पाखरांनी मात्र आमचा घात केला. थंडीत उजनीवर रोहित उतरतात, हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, आणि त्यांच्या मागं पुण्या-मुंबईहून माणसं येतात, हातभर लांब लेन्स घेऊन. जानेवारीत ऊसतोड्यांच्या कोप्या काठाला पडल्या होत्या. बीडकडची माणसं, त्यांची पोरं हंगामापुरती शाळेत घ्यायची म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर तिकडं गेलो होतो. नावं लिहून झाली, सूर्य कलला, मग जरा टेकलो. एवढंच. चार दिवसांनी एक छायाचित्रकार पाणी प्यायला शाळेत आला. भला माणूस. पोरांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाखरं दाखवायला लागला. हे बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे, हा पट्टकादंब. पोरांचा घोळका त्याच्याभोवती. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, "ह्ये मोठं करता येतं का?" त्यानं मोठं केलं. अजून मोठं केलं. पाखरांच्या मागं काठावर दोन धूसर माणसं बसली होती.

पोरगी म्हणाली, "सर, ह्यो शर्ट तुमचा हाय."

माझ्या अंगावर त्या दिवशीही तोच शर्ट होता. शिक्षकाकडं शर्ट किती असतात हे चौथीच्या वर्गाला शिक्षकापेक्षा नीट माहीत असतं. छायाचित्रकारानं माझं तोंड बघितलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "मागची माणसं कापून टाकतो, नाहीतरी पाखरूच महत्त्वाचं आहे." त्यावर ती पोरगी कळवळून म्हणाली, "कापू नका की ओ, बाई चांगल्या आल्यात!"

२०२५ च्या जुलैत बोस्टनजवळ कोल्डप्लेच्या कार्यक्रमात असंच झालं. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर एका कंपनीचा प्रमुख आणि त्याच कंपनीची मनुष्यबळ अधिकारी मिठीत दिसले. ते दचकून बाजूला झाले आणि जगाला कळलं. त्याला राजीनामा द्यावा लागला. ती चित्रफीत बघताना घरात मी एकटाच होतो ज्याला हसू आलं नाही. त्या माणसाचं नशीब एवढंच की त्याच्यामागं चौथीचा पट नव्हता.

आणि मग निनावी अर्ज गेला. आमच्या खात्यात निनावी अर्जाला एक परंपरा आहे, तो कुणी केला हे विचारायचं नसतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं. अर्जात लिहिलं होतं की सदर शाळेतील शिक्षक व शिक्षिका यांच्या वर्तनामुळे विद्यार्थ्यांवर अनिष्ट परिणाम होत आहे. चौकशीला अधिकारी आले, न कळवता, मधल्या सुट्टीत. त्या वेळी बाई मला बोलत होत्या. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक दाखलखारीज रजिस्टरमध्ये मी खाडाखोड केली होती. अधिकारी व्हरांड्यात दोन मिनिटं उभे राहून ऐकत होते.

समितीची माणसं बोलावली. मी बाहेर पोरांच्या रांगेत खिचडी वाढत होतो, पण आवाज सगळा येत होता. आधी स्वयंपाकाच्या मावशी.

"काय मावशी, ह्या दोघांचं कसं आहे?"

"बाई लई बोलत्यात त्यान्ला, साहेब. पोरांच्या म्होरं बोलत्यात. मला तर सरांची कीव येती."

मग अध्यक्ष. ते कमी बोलले. त्यांनी बाईंकडून रजेची फाइल मागून घेतली आणि साहेबांसमोर पानं उलटली. नामंजूर, नामंजूर, नामंजूर. एक अर्ज तर सख्ख्या मामेभावाच्या लग्नाचा होता. "तुमीच सांगा साहेब," ते म्हणाले, "काय असतं तर एक तरी रजा दिली असती का न्हाय?"

अधिकारी विवाहित असावेत. त्यांनी फाइल बराच वेळ बघितली आणि त्यांना युक्तिवाद पटला. शेरेपुस्तकात त्यांनी लिहिलं ते मला तोंडपाठ आहे: 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. मुख्याध्यापिकेने सहकारी शिक्षकाशी सौजन्याने वागावे.'

मुख्याध्यापिकेनं ते वाचलं, खाली 'नोंद घेतली' असं लिहून सही केली.

तो प्रसंग पार पडल्यावर आम्ही ठरवलं की आता लग्न करून टाकू. घरच्यांचं फार लांबवत नाही. दोघांची जात एकच निघाली, म्हणून हा लेख विनोदी होऊ शकला. नसती निघाली तर याच गावात, याच माणसांच्यात, हीच हकिकत मला दुसऱ्या कुठल्या तरी पानावर लिहावी लागली असती, किंवा लिहायला मिळालीच नसती. हे मला माहीत आहे आणि बाईंनाही.

गावाला सांगायचं म्हणून पालक सभेच्या शेवटी, आयत्या वेळच्या विषयात, मी उभा राहिलो. घसा खाकरला. म्हणालो, एक खाजगी बाब आपल्या कानावर घालायची आहे. अध्यक्ष म्हणाले, "तारीख काय धरली?" मागून मावशी म्हणाल्या, "मे म्हैन्यातलीच धरा, शाळा बुडाया नको." एका पालकानं विचारलं की जेवण जेऊरला की बाईंच्या गावाला. मी उभाच होतो. माझं भाषण कुणी मागितलं नाही.

मग एकेक निघायला लागलं. मावशींना चटणीवरून कळलं होतं. मी खानावळीचा डबा खाणारा एकटा माणूस, त्या डब्यात सोलापुरी शेंगाचटणी दिसायला लागली, तीही बाईंच्या डब्यातल्यासारखीच लसूण जास्त घातलेली. "दोन डब्यांत एकच हात आला, मग राह्यलं काय?" अध्यक्षांचं भिगवण तर होतंच. वस्तीवरच्या म्हाताऱ्याचा चहा होता. आणि भोयांच्या आळीतल्या एका आजीनं सांगितलं की तिला त्याच दिवशी समजलं होतं, शाई लावायचा दिवस होता तेव्हा. पोरांची शाई मास्तरच्या बोटाला कशाला आली म्हणून तिनं नातवाला विचारलं, नातवानं बघितलेलं सगळं सांगितलं. म्हणजे आमच्या नियमांच्याही आधी. आम्ही दोन गाड्या, दोन डबे, दोन डबे रेल्वेचे असं पेट्रोल आणि तिकिटं घालून जे झाकत होतो, ते गाव माहीत नसल्यासारखं दाखवत होतं, आणि तेही आमच्यापेक्षा सफाईनं. साहेबांपुढं गावानं शपथेवर एक अक्षर खोटं सांगितलं नाही. बाई बोलतच होत्या, रजा नामंजूरच होत होत्या.

१ मेला निकाल लावला आणि लग्न त्याच सुट्टीत केलं. एरवी दोघांना एका दिवशी रजा कोण देणार होतं? नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बायकांनी बाईंना घेरलं. शाळेतल्या पोरी पुढंच बसल्या होत्या. बाईंनी नाव घेतलं:

"उजनीचं पाणी, कंदरची केळी,
सरांचं नाव घेते परिपाठाच्या वेळी."

'सर' हेच नाव झालं. बायका म्हणाल्या, हे चालणार नाही, खरं नाव घ्या. बाई म्हणाल्या, मस्टरवर आहे, तिथं बघा.

लग्नानंतर गुपित संपलं आणि शासन सुरू झालं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. त्यात पती-पत्नी एकत्रीकरणासाठी वेगळा संवर्ग, विशेष संवर्ग भाग दोन. दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जवळ येण्यासाठी प्राधान्य. आमच्यात अंतर एका भिंतीचं. करमाळ्याला टपाल द्यायला गेलो की जाणकार मंडळी घेरायची आणि सहानुभूतीनं म्हणायची, तुमचं अवघड आहे, तुमच्याकडं अंतरच नाही. एकानं तर आराखडाच काढून दिला: आधी एकानं सांगोल्याकडं जायचं, तीन वर्षं लांब काढायची, मग एकत्रीकरण मागायचं, हवी ती शाळा मिळते. अठ्ठावीस किलोमीटरच्या रस्त्याचा तीसच्या वरचा दाखला मिळतो का म्हणून हिंडणारी जोडपी मी त्या वर्षी बघितली. वर्षानुवर्षं जवळ येण्यासाठी झटलेली माणसं दोन किलोमीटर लांब जाण्यासाठी खटपट करत होती. बदल्यांचा तो हंगाम खो-खोच्या भाषेत चालला होता. कुणाला खो बसला, कुणी कुणाला दिला, कोण विस्थापित झालं, रात्री बारापर्यंत ग्रुपवर हीच चर्चा.

आमच्यासारख्यांसाठी एक सोय होती. एकाची बदली झाली तर दुसऱ्यालाही बरोबर घ्या, अशी विनंती करता येत होती. त्या सोयीचं नाव 'एक युनिट'. आयुष्यात मला कुणी इतक्या मोजक्या शब्दांत आमचं वर्णन केलं नव्हतं. तालुक्याहून छापील प्रपत्र आलं, त्यात जोडीदाराची माहिती भरून मुख्याध्यापकाच्या सहीनं सादर करायचं होतं. मी मधल्या सुट्टीत नीट बसून, पेन बदलून, सुवाच्य अक्षरात भरलं. पत्नीचे संपूर्ण नाव, या रकान्यात मी त्यांचं नाव, माझं नाव, माझं आडनाव असं लिहिलं. लिहिताना जरा छातीही फुगली, खोटं कशाला बोला. प्रपत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि वर्गावर गेलो.

शेवटच्या तासाला चौथीतला एक पोरगा ते परत घेऊन आला. वर लाल शाईत शेरा: 'पत्नीचे नाव सेवापुस्तकातील नोंदीशी जुळत नाही. श्रीमती यांनी आडनाव बदललेले नाही. त्रुटीची पूर्तता करून उद्या साडेदहाच्या आत फेरसादर करावे.'